जेद्दाच्या चौकांतील शिल्पवैभव

१९७३-७४ साली खनिज तेलाचे भाव चौपट झाले आणि सौदी अरेबियाच्या तिजोरीत अचानक अमाप संपत्ती येऊन पडली. अशा अनपेक्षित धनाचा विनियोग राज्यकर्ते कसा करतात, हा अर्थशास्त्राला नेहमीच कुतूहलाचा विषय वाटत आला आहे. हज यात्रेकरूंचे प्रवेशद्वार म्हणून आपल्याकडे परिचित असलेल्या जेद्दा शहरात त्यातील काही वाटा रस्त्यांवरील शिल्पांना मिळाला.

याचे श्रेय तत्कालीन महापौर मोहम्मद सईद फारसी यांचे. अलेक्झांड्रियात वास्तुशास्त्र शिकलेल्या या गृहस्थाने तांबड्या समुद्राकाठचा हमरस्ता आणि नव्या वसाहतींतील चौक यांसाठी शेकडो शिल्पे मिळवली. हेन्री मूर, मिरो, काल्डर यांच्यासारख्यांच्या कृती त्यांत आहेत. सजीवांच्या प्रतिमा धार्मिक संकेताला मान्य नसल्यामुळे निवड अमूर्त आकारांची किंवा वस्तूंची झाली. ज्युलिओ लाफुएन्ते या स्पॅनिश वास्तुशिल्पज्ञाने अवाढव्य सायकल उभारली. भरधाव वाहने हाकणाऱ्यांना इशारा म्हणून खऱ्या मोटारी काँक्रीटच्या ठोकळ्यात चिणल्या. (असा इशारा आपल्याकडील घाटांतही अस्थानी ठरू नये!) बंधनातून कल्पकता फुलते ती अशी.

श्रीमंतांची ही उधळपट्टी होती, असा आक्षेप सहज सुचतो. तो सर्वस्वी खरा नाही. संग्रहालयाची पायरी कधीही न चढणारा टॅक्सीचालक किंवा परदेशी मजूर येथे मूरची कलाकृती विनामूल्य पाहू शकत होता. एकाने पाहिल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही, अशी ही सार्वजनिक वस्तू. खरी अडचण वेगळीच आहे. शिल्प विकत घेणे हा एकवेळचा खर्च. ते जपणे हा कायमचा. खारा, दमट वारा आणि वाळू यांपुढे धातू व रंग टिकत नाहीत. त्यात १९८६ साली तेलाचे भाव दहा डॉलरच्या आसपास कोसळले. उद्घाटनाच्या फितीला अंदाजपत्रकात जागा सापडते, गंज खरवडण्याला क्वचितच.

पुढे एका खाजगी कलासंस्थेने नगरपालिकेच्या सहकार्याने जीर्णोद्धार हाती घेतला आणि २०१४ मध्ये समुद्रकिनारी खुले शिल्पसंग्रहालय सुरू झाले. शेकडो शिल्पांपैकी सुमारे वीस त्यात आहेत. उरलेल्यांच्या देखभालीसाठी दरवर्षीची ठराविक तरतूद नगरपालिकेलाच करावी लागेल, आणि तीही तेलाच्या भावाकडे न पाहता.