आमदार, उमेदवार आणि कोथरूडच्या पाट्या

'कोथरूड डेपो' म्हटले की पुणेकराला बस आठवते, फ्रान्स आठवत नाही. पण 'डेपो' हा शब्द शेवटचा 'ट' गिळूनच फ्रेंचमधून आला, आणि 'बस' म्हणजे तर लॅटिनचा नुसता प्रत्यय. १८२०च्या दशकात फ्रान्समधील नांत शहरात स्तानिस्लास बोद्री याने कोणालाही चढता येईल अशी घोडागाडी सुरू केली. तिला 'ऑम्निबस' हे नाव मिळाले, अर्थ 'सर्वांसाठी'. पुढे 'सर्व' गळले आणि चतुर्थीचा प्रत्यय तेवढा उरला. मराठीत सांगायचे तर 'सर्वांना'मधल्या 'ना'ची वाट पाहत लोक थांब्यावर उभे असतात.

६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय अशी मेट्रो धावली. तिचे नाव १८६३ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या 'मेट्रोपॉलिटन रेल्वे'च्या घराण्यातले. ग्रीकमध्ये 'मेट्रोपोलिस' म्हणजे मातृनगरी.

खरा खजिना मात्र रस्त्यावर नाही, सोसायट्यांच्या दारांवर आहे. मयूर कॉलनी किंवा डहाणूकर कॉलनीतल्या एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरचा नावांचा फलक वाचावा. फडणीस, चिटणीस, पारसनीस, जमेनीस. या सगळ्यांतला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, जमेचा हिशेब ठेवणारा जमेनीस. अस्सल पुणेरी वाटणारी ही आडनावे निम्मी इराणी आहेत.

गंमत अशी की हे शब्द बदलण्याचा हुकूम साडेतीनशे वर्षांपूर्वीच निघाला होता. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले होते. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पण मुजुमदार आणि डबीर कुठे गेले? निवृत्त होऊन आडनावांत राहायला आले. आणि 'पेशवा' या शब्दाने तर कहरच केला. 'पुढे चालणारा' अशा अर्थाचा हा फारसी शब्द पुढच्या शतकात एका अख्ख्या राजवटीचे नाव झाला, तोही पुण्यात!

निवडणुकीच्या दिवसांत हा शब्दांचा बाजार अधिक भरतो. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत कोथरूड हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला आणि २००९ साली तिथे पहिली निवडणूक झाली. परीटघडीचे पांढरेशुभ्र कपडे घातलेला उमेदवार, मागे कार्यकर्ते, दारोदार नमस्कार. हे दृश्य प्राचीन रोमच्या नागरिकालाही ओळखीचे वाटले असते. तिथे पदासाठी उभा राहणारा माणूस आपला झगा खडूने पांढराफेक करून फिरे. लॅटिनमध्ये शुभ्र म्हणजे 'कँडिडस', त्यावरून 'कँडिडेट'. या चकाकीचा इतका अतिरेक झाला की इ.स.पू. ४३२ मध्ये कपडे असे पांढरे करण्यावर कायद्याने बंदी आणल्याचे इतिहासकार लिव्ही सांगतो. बंदी टिकली नाही, हे सांगायला नकोच.

मते मागत फिरण्याला रोमन लोक 'अँबिटिओ' म्हणत. इंग्रजीतली 'अँबिशन' तिथूनच आली. म्हणजे महत्त्वाकांक्षा मुळात पदयात्राच होती. समोरून येणाऱ्याचे नाव उमेदवाराच्या कानात सांगायला एक गुलाम बरोबर असे. आज ते काम यादी हातात घेतलेला कार्यकर्ता करतो, एवढाच फरक. आणि 'व्होट'? त्याचे मूळ 'व्होटुम', म्हणजे देवाला केलेला नवस. तो फेडायचा कोणी, हे मतदाराने ठरवावे.

आपला 'उमेदवार' कपड्यांकडे पाहत नाही, मनाकडे पाहतो. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. पूर्वी कचेरीत पुढेमागे नोकरी लागेल या आशेवर बिनपगारी काम करणाऱ्याला उमेदवार म्हणत. तिकिटाच्या आशेवर वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला हा जुना अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीची दुसरी लाट आली ती सावरकरांची. महापौर, दिनांक, हुतात्मा, अर्थसंकल्प अशा कितीतरी शब्दांचे श्रेय त्यांना दिले जाते. या चळवळीतली सर्वांत चमत्कारिक व्यक्ती मात्र माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन. फारसीच्या या प्राध्यापकाने १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परक्या शब्दांविरुद्ध शस्त्र उचलले. घरात नेमके कोण शिरले आहे, हे ठाऊक असलेला त्यांच्याइतका जाणकार दुसरा नव्हता.

निकाल काय लागला? संमिश्र. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि पुढे 'महापौर' हा शब्द सर्वांच्या तोंडी असा रुळला की तो घडवलेला आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. 'दिनांक' अर्जावर पोचला, पण कोर्टात अजून 'तारीख'च पडते. दिनांक पडल्याचे कोणी ऐकलेले नाही. शब्द टिकतो तो शुद्धतेवर नव्हे, वापरणाऱ्याच्या सोयीवर. या बाबतीत शुद्धिवाद्यांपेक्षा बाजार आणि कचेरी जास्त बलवान ठरली.

ज्याला स्वतः तपासायचे असेल त्याने दाते-कर्वे यांचा, १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडाने निघालेला 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडावा. त्यातले कर्वे म्हणजे चिंतामण गणेश. कर्वे रस्ता ज्यांच्या नावाने आहे ते महर्षी धोंडो केशव कर्वे वेगळे. ही गल्लत कोथरूडकरांकडूनही होते.

'आमदार' या शब्दाची फोड सोपी आहे. 'आम' अरबी, 'दार' फारसी. खासदाराचेही तेच. कागदोपत्री कोथरूडमधून 'विधानसभा सदस्य' निवडून जातो, पण गाडीवर, फ्लेक्सवर आणि लोकांच्या तोंडी तो आमदारच असतो.