जुन्या डेस्कटॉपचा घरगुती व्हिडिओ सर्व्हर

मंडळी, लग्नाचे आणि सप्ताहातल्या कीर्तनांचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर फिरवत बसू नका. आमच्या जालन्यातल्या घरी जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन हे व्हिडिओ सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालतं. फुकट, मुक्तस्रोत, २०१८ मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं. जांब समर्थच्या रामनवमीचं आमचं चित्रीकरण आजी टीव्हीवर बघते, मी मोबाइलवर. इंटरनेट गेलं तरी राउटर चालू असला की पुरे.

खरी मेख ट्रान्सकोडिंगची. टीव्हीला फाइल जशीच्या तशी वाचता आली, तर सर्व्हरला फारसं कामच नाही. नाही आली, की चालता चालता रूपांतर करावं लागतं आणि प्रोसेसर तापतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या बहुतेक चिपांमधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ रूपांतराची अंगभूत सोय, १०-बिट एचईव्हीसी प्रकारचा व्हिडिओसुद्धा सहज पेलतं. म्हणून जुनं मशीन घेताना आधी पिढी बघा. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका.

सर्व्हरला केबलच जोडा, वायफाय दोन भिंतींपलीकडे दम सोडतं. ४ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला सुमारे १.८ जीबी खातो, म्हणजे १ टीबीत पाचशेहून जास्त तास.

आणि हो, आपल्याकडे लाइट जाते. आधी यूपीएस, मग मोठी हार्ड डिस्क. उन्हाळ्यात मशीन पत्र्याखाली तर मुळीच ठेवू नका.