खाटकाचा ठोकळा आणि लाकडाची तहान

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मांसविक्रीच्या दुकानांत वापरले गेलेले मेपल लाकडाचे जाडजूड ठोकळे आता तेथील स्वयंपाकघरांत हौसेने मांडले जातात, आणि शेकडो जनावरांचे रक्त प्यालेल्या अशा लाकडावर भाजी चिरावी की नाही, ही शंका त्यांच्याबरोबरच घरात येते. तिचे उत्तर लाकडाच्या ठेवणीत आहे. साध्या फळीत खोडाचे तंतू आडवे पडलेले असतात. या ठोकळ्यात मात्र लाकडाचे तुकडे उभे जोडलेले असल्यामुळे वरच्या बाजूस तंतूंची टोके येतात, आणि सुरीचे पाते कुंचल्याच्या केसांत शिरावे तसे त्यांच्यामधून शिरते, त्यामुळे लाकडावर खोल चरे पडत नाहीत व धारही टिकते. आपल्याकडील खाटकांचा चिंचेचा ओंडका खोड आडवे कापून घेतलेला असतो, त्यामुळे त्याचेही तंतू उभेच राहतात.

लाकडापेक्षा प्लास्टिक आरोग्यदायी, हा सल्ला अमेरिकेच्या कृषी खात्याने दीर्घकाळ दिला. पण विस्कॉन्सिन विद्यापीठातील डीन क्लायव्हर यांनी त्याचा आधार शोधला, तेव्हा त्यामागे शास्त्रीय पुरावाच नसल्याचे त्यांना आढळले. त्यांनी व नेशे आक यांनी सहकाऱ्यांसह 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्वच्छ लाकडाने जंतुयुक्त द्रव बहुधा 3 ते 10 मिनिटांत शोषून घेतला, आणि जंतूंची संख्या काही हजारांपर्यंत असेल तर ते पृष्ठभागावर पुन्हा सापडले नाहीत. उलट प्लास्टिकवर ते रात्रभरात वाढू शकत होते. वापरलेले लाकूडही प्लास्टिकपेक्षा सरस ठरले. अर्थात, यावरून ‘लाकूड जंतुनाशक असते’ असा डांगोरा पिटणेही चूकच, कारण दहा लाखांहून अधिक जंतू टाकल्यावर, दमट हवेत 12 तासांनंतरही काही जिवंत सापडले होते. कच्चे मांस कापल्यावर साबणाने धुणे म्हणूनच अटळ आहे.

हीच तहान ठोकळ्याच्या जिवावर मात्र उठते. ओले मेपल पूर्ण वाळताना वाढवलयांच्या दिशेने सुमारे 9.9 टक्के आकसते, तर त्यांना काटकोनात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, सुमारे 4.8 टक्केच, ही विषमता तुकड्यांच्या जोडांवर ताण आणते आणि हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या घरात जुना ठोकळा तडकतो. त्यामुळे त्यावर पाणी साचू देऊ नये, धुतल्यावर तो लगेच पुसावा आणि खनिज तेल पुरेसे मुरवून ओलाव्याची ये-जा मंदावावी. (क्लायव्हर यांच्या प्रयोगांत या तेलाने जंतूंच्या निष्कर्षांत फारसा फरक पडला नव्हता.) शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल टाळावे, कारण त्यातील असंपृक्त मेदाम्ले, म्हणजे ज्यांच्या कार्बन साखळीत दुहेरी बंध असतात ती, हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून खवट होतात. मोसमी फटींत लांबी भरणेही व्यर्थ, कारण दमट ऋतूत लाकूड फुगले की तीच लांबी जोडांवर दाब आणते.

वर्षानुवर्षांच्या घावांनी मध्यभागी आलेला खोलगटपणा रंध्याने सपाट करण्याचा मोह अनेकांना होतो. पण तो खोलगटपणाच अशा वस्तूचा इतिहास असल्याने त्याला हात न लावलेला बरा. पाय किंवा कडा रंगवलेल्या असतील तर त्या घासण्यापूर्वी रंगाची शिशासाठी तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर बंदी आली ती 1978 मध्ये.