मॉर्फिनच्या मोबदल्यात संमती

व्यसनाचे स्वरूप कळल्यावाचून त्यावर उपाय सापडत नाही. आणि ते स्वरूप पुरते कळावयाचे तर कोणा तरी मनुष्याला ते द्रव्य देऊनच पाहावे लागते. प्राण्यांवरील प्रयोग एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतात, कारण जिवाची ओढ कशी असते हे उंदीर सांगू शकत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो असा की, हे द्रव्य कोणाला, कोणत्या अटींवर आणि कशाच्या मोबदल्यात द्यावे?

अमेरिकेतील लेक्सिंग्टनचा इतिहास या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारा आहे. केंटकी राज्यातील या शहरी १९३५ साली सरकारने अर्धे इस्पितळ व अर्धा तुरुंग अशी एक संस्था उघडली. स्वेच्छेने आलेल्या व्यसनी रुग्णांबरोबर शिक्षा झालेले कैदीही तेथे ठेवले जात. व्यसनातून सोडविलेल्या कैद्यांपैकी जे राजी होत, त्यांना तेथील संशोधन केंद्रात पुन्हा मादक द्रव्ये दिली जात.

या संशोधनाचे उपकार नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. अफूजन्य द्रव्यांचे व्यसन सोडविताना मेथाडोन उपयोगी पडते, हे १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे दिसून आले. त्या काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या बार्बिच्युरेट जातीच्या झोपेच्या गोळ्यांचेही व्यसन जडते व त्या एकाएकी बंद केल्यास झटके येतात, हे १९५० साली तेथेच सिद्ध झाले. डॉक्टरांच्या सावधगिरीला त्याने भक्कम आधार दिला.

परंतु या ज्ञानाची किंमत कशी चुकविली गेली? प्रयोगाचा मोबदला म्हणून कैद्यांना शिक्षेत सूट, नाही तर चक्क मादक द्रव्य मिळे. पुढे अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसाही तेथे आला आणि सात जणांना सलग ७७ दिवस एलएसडी देण्यापर्यंत मजल गेली. १९७५ पासून सिनेटच्या चौकशांत हे सारे उघडकीस आले आणि १९७६ साली तेथील कैद्यांवरील प्रयोग बंद झाले.

ती माणसे आधीच व्यसनी होती, त्यांनी राजीखुशीने सह्या केल्या होत्या, असा बचाव केला जातो. तो आम्हांला मुळीच मान्य नाही. व्यसनी मनुष्याला स्वतःचे हित कळतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या एका वस्तूपुढे त्याची इच्छाशक्ती हतबल होते, तीच वस्तू पुढे करून त्याची संमती मागणे याला विनंती म्हणत नाहीत. ते आमिष होय. त्यातही तो गजांआड असेल, तर नकाराची मोकळीक नावापुरतीच उरते.

याचा अर्थ असे द्रव्य माणसाला देणे हेच पाप, असा मात्र नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये १९९४ पासून, अन्य उपचार निष्फळ ठरलेल्या व्यसनी रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन देऊन त्याचे परिणाम अभ्यासले गेले. २००८ साली सुमारे ६८ टक्के मतदारांनी या उपचारपद्धतीला कौल दिला. द्रव्य तसेच अफूजन्य. पण लेक्सिंग्टनला ते वेतन होते, येथे ते रुग्णाच्याच हितासाठी होते.

म्हणून अशा संशोधनाला बंदी नको, बंधने हवीत. ज्याने ते द्रव्य कधी घेतले नाही त्याला ते देऊ नये. जो व्यसन सोडू पाहतो, त्याला केवळ कुतूहलापायी पुन्हा त्या गर्तेत लोटू नये. मोबदला मादक द्रव्याच्या रूपाने तर कदापि नसावा. आणि प्रयोग संपल्यावर उपचाराचे दार उघडे असावे. सही घेण्यापूर्वी संशोधकाने एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हा मनुष्य नाही म्हणाला, तर त्याचे काय जाईल? लेक्सिंग्टनच्या कैद्याच्या बाबतीत त्याचे उत्तर होते, सुटकेची संधी किंवा मॉर्फिन. असे उत्तर जेथे येईल, तेथे त्या संशोधकाने आपला कागद मुकाट्याने परत घ्यावा, हेच उचित.