मागील पानावरून पुढे

रोजनिशी सुरू करणे मुळीच अवघड नाही. एक जानेवारी उजाडली की कितीतरी घरांत कोरी डायरी उघडते. पहिल्या पानावर देवाचे नाव, दुसऱ्यावर संकल्प, आणि संक्रांतीपर्यंत अगदी सुवाच्य अक्षर! पुढे त्याच पानांवर इस्त्रीचे कपडे आणि दुधाचे खाडे. रोज काही ना काही लिहीत जावे, असे समर्थांनी सांगून ठेवले आहे. पण एकदा तुटलेले लिहिणे पुन्हा जोडावे कसे, हा प्रश्न तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसांचा.

त्याचे उत्तर दिवाळीतल्या वहीपूजनात आहे. हिशेबाचे सरकारी वर्ष आता एप्रिलात सुरू होत असले, तरी लक्ष्मीपूजनाला वहीला हळदकुंकू लागतेच. व्यापाऱ्याच्या कीर्दीची रीत पाहा. पान उलटले की तो आधी मागची शिल्लक पुढे ओढतो, मग आजची जमा लिहितो. मध्ये चार दिवस दुकान बंद असले, तर त्या दिवसांची विक्री तो कल्पनेने मांडीत बसत नाही.

टॉलस्टॉयने १८४७ साली रोजनिशी धरली. १८६५ नंतर सुमारे बारा वर्षे ती जवळजवळ बंद होती. त्या काळात ‘युद्ध आणि शांती’ पुरी झाली, ‘अ‍ॅना कॅरेनिना’ लिहून झाली. १८७८ साली त्याने रोजनिशी पुन्हा हाती घेतली, आणि १९१० साली मृत्यूच्या आधी काही दिवसांपर्यंत तो लिहीत होता. खंड बारा वर्षांचा, पण त्यापुढची मजल बत्तीस वर्षांची!

शिवाय लिहायला मोठे प्रसंगच हवेत असेही नाही. १६६६ साली लंडन जळत असताना सॅम्युअल पीप्सने आपले इटालियन चीज जमिनीत पुरून ठेवले, आणि तसे रोजनिशीत नोंदवले. आगीची वर्णने पुष्कळांनी केली. पण ते पुरलेले चीज वाचले की साडेतीनशे वर्षांपूर्वीचा गृहस्थ आपल्या शेजारी येऊन बसतो.

माझी वही २०११ सालची. मुलीचे बोबडे बोल टिपण्यासाठी घातलेली. २०१४ साली अण्णा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळले, आणि वही कपाटात गेली. पुढच्या वर्षी अण्णा गेले. २०२३ साली मुलीने सहज विचारले, “बाबा, आजोबा माझ्याशी काय बोलायचे हो?” मला आठवत होत्या त्या औषधांच्या वेळा आणि दवाखान्याच्या फेऱ्या. वही काढली. तीत दोन ओळी निघाल्या: ‘अण्णा हिला ठमाबाई म्हणतात. ही रागावली की आधी स्वतःच हसतात.’ मुलीने त्या तीनदा वाचल्या. आजाराखाली दडलेले माझे हसरे अण्णा मलाही परत मिळाले.

त्या रात्री मी नवी वही आणली नाही. जुनीतच, शेवटच्या ओळीखाली, तारीख घातली. तेव्हापासून नेम साधा आहे. जेवणे आटोपल्यावर तीन ओळी. चौथी सुचली तर आनंद. काही घडले नाही तर ‘विशेष नाही’ एवढेच. पण तारीख चुकवायची नाही. एखादा दिवस राहिलाच, तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई नाही. मोठे बेत वहीला मारतात. तीन ओळी तिला जगवतात.

आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या आठवड्यातली नोंद: ‘आईने भाजणीत धने जास्त घातले, आणि दोष गिरणीवाल्याला दिला.’ साहित्यात याला काय किंमत? पण आमच्या घरच्या कीर्दीत ही मोठी जमा आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा माळे साफ करताना एखादी अर्धवट वही हाती लागली, तर ती रद्दीत टाकू नका. कोऱ्या पानांची संख्या मोजू नका. भरलेली पाने वाचा, शिल्लक पुढे ओढा, आणि पाडव्याची तारीख घाला.