तरुण वयातील पक्षाघात व ताकायासू रोहिणीशोथ

पक्षाघात हा उतारवयाचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु विशी-तिशीतील स्त्रीचे एक अंग एकाएकी लुळे पडते, तेव्हा वयोमानाने रोहिण्या कठीण होतात हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. ग्रीवा-रोहिणीच्या विरळा रोगांचा विचार करावा लागतो. त्यांपैकी ताकायासू रोहिणीशोथ भारतीय वैद्यकास विशेष परिचित आहे.

१९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्यांनी २१ वर्षांच्या एका स्त्रीच्या दृष्टिपटलावरील वाहिन्यांची विलक्षण रचना वर्णिली. अशा इतर रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही, हे अन्य वैद्यांनी त्याच वेळी निदर्शनास आणले. दोन्ही लक्षणांचे मूळ एकच होय. महारोहिणी व तिच्या शाखा यांच्या भित्तीस शोथ येऊन ती जाड व तंतुमय होते आणि वाहिनीचा मार्ग अरुंद होतो. ग्रीवा-रोहिणी आक्रसली म्हणजे मेंदूचा व नेत्रांचा रक्तपुरवठा घटतो. हाताची रोहिणी आक्रसली म्हणजे नाडी लोपते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये महारोहिणीच्या मध्यभागाच्या संकोचाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १०१ रुग्णांच्या अभ्यासावर ग्रंथही लिहिला. भारतीय रुग्णांत उदरातील महारोहिणी व वृक्क-रोहिणी वारंवार ग्रस्त आढळतात. वृक्काचा रक्तपुरवठा घटला की रक्तदाब चढतो व मेंदूत रक्तस्रावाचा धोका उद्भवतो. मात्र ज्या हाताची रोहिणी अरुंद झालेली असते, त्या हातावर हाच रक्तदाब कमी भासतो. म्हणजे एकाच हातावरील मोजणी वैद्याची फसवणूक करू शकते.

रत्नागिरीनजीकच्या भाट्ये यासारख्या गावातील रुग्णाची पहिली तपासणी बहुधा प्रतिमायंत्राविनाच होते. तेथेही चारही अंगांच्या नाड्या चाचपणे, दोन्ही हातांवर व पायांवर रक्तदाब मोजणे आणि मानेवर श्रवणनलिका ठेवून मर्मर ऐकणे शक्य असते. दोन हातांच्या रक्तदाबांत १० मिलिमीटरहून अधिक तफावत आढळल्यास संशय बळावतो. निश्चिती रोहिणीचित्रणाने होते. शोथ स्टेरॉइडादी औषधांनी आवरतात. शस्त्रक्रिया शक्यतो तो शमल्यावर करतात.

पक्षाघातापूर्वी कित्येक महिने ज्वर, थकवा किंवा काम करताना हात भरून येणे, एवढीच लक्षणे असू शकतात. त्या अवस्थेत नाडी पाहिली गेली, तर पुढील पंगुत्व टळण्याचा संभव असतो.