रिस्लिंग : एक द्राक्ष, अनेक चवी

चवदार तळ्याच्या गावी वाईनवर बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये. मी प्रचाराला आलेलो नाही. पण घाटावर, नाशिककडे, हजारो हात ज्या वेलींवर राबतात त्यांची माहिती कष्टकऱ्यालाही असावी, एवढेच माझे म्हणणे.

रिस्लिंग ही मूळची जर्मनीतली पांढरी जात. ऱ्हाईनच्या मुलखात १४३५ सालच्या एका हिशेबात तिच्या वेली विकत घेतल्याची नोंद आहे. तिचा मोठा गुण म्हणजे आंबटपणा. आपल्या आयाबहिणी आमटीत आमसूल टाकतात आणि वर गुळाचा खडा. आमसूल नसेल तर गूळ मिचमिचीत लागतो. इथेही तेच. रसातली साखर किण्व खाते आणि तिचे मद्यार्क होते. सगळी खाऊ दिली तर वाईन बिनगोडीची उतरते. मध्येच टाकी थंड करून किण्व थांबवले तर गोडी उरते, पण आंबटपणा भक्कम असल्याने ती जिभेला जड होत नाही. घड वेलीवर उशिरापर्यंत राखले तर मधासारखी वाईन होते. पुन्हा आंबवून फेसाळ वाईनही करतात. हे सारे एकाच द्राक्षातून! तेव्हा ‘गोड म्हणजे हलक्या प्रतीची’ ही समजूत खोटी आहे. जुन्या रिस्लिंगला चक्क रॉकेलसारखा वास येतो, आणि शौकीन तो हौसेने शोधतात. जन्मभर तेलकट यंत्रांपाशी उभे राहिलेल्यांना त्याचे काय कौतुक? असो.

नाशिकला शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ही रुळलेली पांढरी वाणे. तिथल्या सुला कंपनीने रिस्लिंगचीही वाईन काढली. अडचण अशी की, ही थंड मुलखातली वेल. तिकडे घड सावकाश पिकतो, म्हणून आंबटपणा टिकतो. आपल्याकडे पावसाळा सरता छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी. हिवाळ्यातल्या गार रात्री हाच आधार. ऊन चढू लागले की साखर झपाट्याने वाढते, आंबटपणा उतरतो. म्हणून तोडणीला चार दिवसांची दिरंगाई चालत नाही, आणि फळ गार असतानाच कारखान्यात पोचावे यासाठी पहाटेच्या अंधारात तोडावे लागते.

हा अंधार कुणाच्या वाट्याला येतो? पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांच्या. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणून वाईनला उत्पादनशुल्कात सवलत दिली. ती कारखान्यांच्या पदरात पडली. टोळीने काम उक्ते घेताना पहाटेचे तास, जाण्यायेण्याची गाडी आणि जादा दर मुकादमाकडून आधी कागदावर लिहून घ्यावेत. घड पिकल्यावर मालकाला घाई असते, पण बोलणी त्याआधी झालेली असतात.